वर वजन किती?

सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी दार उघडलं, "या सर" म्हटलं, आणि त्यांनी नमस्कार केला तो आमच्या छताला. म्हणजे जोडलेले हात माझ्याकडे आणि डोळे वर. हॉलच्या चारही कोपऱ्यांतून नजर फिरवून झाली तेव्हा कुठे माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, वरती पाण्याची टाकी हाय का? किती लिटरची?" माझ्या नवऱ्याला वाटलं, नगरपालिकेचा माणूस आलाय. तो बिचारा घरपट्टीची पावती शोधायला आत गेला.

आम्ही दोघं लातूरच्या एकाच क्लासमध्ये शिकवायचो. मी केमिस्ट्री, ते फिजिक्स. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास उघडत होते. ज्याच्या गोठ्यात चार बाकं मावतील त्याने म्हशी बहिणीकडे धाडून दारावर बोर्ड लावला होता. आमचा क्लासही आधी पत्र्याच्या शेडमध्येच भरायचा. मग पोरं वाढली, मालकांनी पुढच्या जागेत तीन मजली इमारत उठवली, आणि सरांनी तिच्यात पाऊल टाकायला नकार दिला. फिजिक्स शिकवणारा असा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता, त्यामुळे मालकांनी कपाळावर हात मारून मागची शेड त्यांच्यासाठी तशीच ठेवली. पोरं त्यांना 'पत्रेवाले सर' म्हणायची. सर राहायचेही तिथेच, शेडच्या टोकाला पत्र्याचंच पार्टिशन घालून.

त्यांच्या पँटच्या खिशात किल्ल्यांसोबत एक ओळंबा असायचा, गवंडी भिंत सरळ आहे की नाही बघायला लावतात तो. दर सोमवारी सकाळी बॅच सुरू व्हायच्या आधी ते शिडी लावून पत्र्यावर चढायचे आणि पाना घेऊन एकूण एक हूक कसायचे. दारात चपला काढून ठेवलेल्या त्यांना चालत नसत, कारण पळताना पाय अडकतो. आणि बोलणं म्हणाल तर कोणत्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असायचा: "वर वजन किती?" पोराच्या डोक्यावर बापाच्या अपेक्षांचं ओझं झालंय असं मी म्हटलं तरी ते खरोखर विचारात पडून म्हणायचे, "हाव, वर वजन नको."

खोटं मात्र त्यांना अजिबात बोलता यायचं नाही. गोड बोलायचं ठरवलं तरी जमायचं नाही. पेढे घेऊन आलेल्या पालकाला तोंडावर सांगायचे, "पोरगं चांगलं हाय, पण मेडिकलला लागत न्हाई. शेतीचं बघा." मालक मग त्या पालकाला इमारतीत नेऊन चहा पाजायचे.

तिशीला आले तरी त्यांचं लग्न झालं नव्हतं. आई-वडील भूकंपात गेलेले. चुलते होते, पण ते पुनर्वसनातल्या नव्या गावात आपल्या व्यापात. मग मुलगी बघायला बरोबर जाणार कोण? हे काम आम्हा नवरा-बायकोवर आलं. मला वाटलं होतं, दोन-तीन ठिकाणी जाऊ, पोहे खाऊ, एखादीशी जमेल. मला काय माहीत की मुलगी पोह्यांचं ताट घेऊन समोर उभी असते आणि हा गृहस्थ तुळया मोजत बसतो!

देवणीला तर त्यांनी कहर केला. मुलीच्या वडिलांनी "काय विचारायचं ते विचारा पोरीला" म्हटल्यावर हे उठले, खिशातून ओळंबा काढला आणि भिंतीला लावला. म्हातारे घाबरून माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पाव्हणं काय करून राहिलेत? मुहूर्त काढून राहिलेत काय?" माझा नवरा वीज मंडळात. तो म्हणाला, "न्हाई, मीटर बघून राहिलेत." परतीच्या एसटीत मी सरांशी एक अक्षर बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही. ते एसटीचं छत बघत होते.

अशी चार स्थळं गेली. पाचवं जळकोटजवळच्या एका गावातलं. शेतकरी घर, मुलगी डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी. घर जुनं, दगड-मातीचं, वर माळवद. आमच्याकडे जुन्या घरांना लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर असतो, तेच माळवद; आणि खाली खांबांच्या दोन ओळींमधला भाग म्हणजे खण. दर उन्हाळ्यात पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडतो. जुना कुणी काढत नाही. आजोबांनी टाकलेली माती, त्यावर बापाने टाकलेली, त्यावर आपण. उन्हाळ्यात खाली गार वाटतं, आणि लग्नाकार्याला गावच्या बाया वर बसून वरात बघतात.

उंबऱ्यातून आत जाताना मी सरांचा दंड धरून दटावलं, "आज वर बघायचं नाही." ते "हाव" म्हणाले. मुलगी आली, पोहे ठेवले, समोर बसली. सर पाच मिनिटं जमिनीकडे बघत होते. कपाळावर घाम आला त्यांच्या. शेवटी मुलीचे वडील, आबा म्हणायचे सगळे त्यांना, हसून म्हणाले, "विचारा की, गुरुजी."

सरांनी मान वर केली ती थेट मधल्या खणाकडे. "वर किती वर्षांची माती हाय?"

आबांचा चेहरा पडला. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने घड्याळाकडे बघितलं, म्हणजे एसटी कधी आहे ते. आणि मग ती मुलगी बोलली. "सत्तर-ऐंशी वर्षांची आसंल. मधल्या खणावर जास्त हाय. दोन पावसाळे झाले, तिथून माती झरून राहिली. मी आबांना सांगते, ऐकत न्हाईत."

असं म्हणून तिनेही वर बघितलं. दोघं मिळून बराच वेळ त्या वाकलेल्या तुळईकडे बघत बसली. मग एकदमच दोघांनी नजर खाली आणली आणि एकमेकांकडे बघितलं. तुळईकडे बघून जमलेलं प्रेम मी तरी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

आत स्वयंपाकघरात तिने मला विचारलं, "सर पत्र्याखाली ऱ्हातात म्हणं. उन्हाळ्यात कसं करतात?"

"वर ओली गोणपाटं टाकतात."

ती विचार करून म्हणाली, "मग गोणपाट ओलं झालं की वजन वाढतंय की."

मी हे परतीच्या वाटेवर सरांना चेष्टेने सांगितलं आणि माझी चूक झाली. सर एसटीत उठून उभे राहिले. "बरोबर बोलल्या! माझ्या ध्यानातच आलं न्हाई!" दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडवरची सगळी गोणपाटं काढून टाकली. एप्रिल महिना होता. त्या वर्षीची बॅच अक्षरशः भाजून निघाली. पोरं घामाने निथळत वह्यांनी वारा घेत बसायची आणि सर फळ्यासमोर उभे राहून स्वतःशीच हसायचे. अख्ख्या लातुरात प्रेमाचा असा त्रास दुसऱ्या कुणाच्या पोरांना झाला नसेल.

पण त्या दिवशी आबांच्या घरून निघताना त्यांनी जे करायचं ते केलंच होतं. आबा निरोप द्यायला अंगणात आले तर "कळवतो" म्हणायचं सोडून म्हणाले, "आबा, पोरगी द्या नाहीतर देऊ नका, माती उतरवा."

आबांना ते लागलं. माळवद त्यांच्या आजोबांनी घातलेलं. मध्यस्थाकडून निरोप आला: पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाने आमच्या घराला नावं ठेवू नयेत. तरीही पोरीने तोंडातून 'पसंत' असा शब्द काढलाय, तेव्हा एकच अट. गुरुजींनी स्लॅबचं घर बघावं, भाड्याचं का असेना. पोरगी पत्र्याखाली देणार नाही.

बापाच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. मला तर आनंदच झाला. मी आणि नवऱ्याने धावपळ करून दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर बघितलं. सरांनी ओळंबा लावून भिंती तपासल्या, वरच्या गच्चीवर टाकी नाही याची खात्री केली आणि राहायला गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी शेवयांचा डबा घेऊन गेले तर सर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. शेजारी स्टो, त्यावर चहा. अंथरूण जिन्याखाली. घराला कुलूप.

"हे काय, सर?"

"मॅडम, आत पडलो की रातभर स्लॅबच बघून राहतो."

मी रागावले. म्हटलं, एवढी चांगली मुलगी, तुमच्यासारखीच छताकडे बघणारी, पुन्हा या जन्मी मिळायची नाही. एवढं करा तिच्यासाठी. तेव्हा त्यांनी मला आईचं सांगितलं. त्याआधी कधी बोलले नव्हते.

भूकंपाच्या वर्षी ते नांदेडला एम.एस्सी. करत होते. मे महिन्यात औशाकडच्या आपल्या गावी आले. वडिलांची पाठ दुखत होती, म्हणून त्या वर्षी माळवदावर पांढरी माती त्यांनी एकट्याने टाकली. चाळीस टोपल्या. आई खालून म्हणाली होती, "आजून दोन टाक रे, कोपरा गळतोय." त्यांनी आणखी दोन टाकल्या. सप्टेंबरात ते सगळं खाली आलं. सर कपातला चहा हलवत म्हणाले, "जुनी माती आजोबांची. पण वरच्या बेचाळीस टोपल्या माझ्या होत्या, मॅडम. आईच्या अंगावर आधी माझीच माती पडली आसंल."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी तो सगळा डबा संपवला. निघताना ते म्हणाले, "प्रेम खरं हाय, मॅडम. पण स्लॅब बी खराच हाय."

आठवड्याने ते पुन्हा शेडमध्ये आले. आबांनी त्याच महिन्यात नांदेडचं स्थळ पक्कं केलं. मुलगा सरकारी नोकरीत, स्वतःचा बंगला. मी हे सरांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस कोसळेल. ते पांढरेफटक पडले खरे, पण विचारलं काय? "लग्न कुठं हाय? दारातच? मग बाया कुठं बसणार?"

बाया माळवदावरच बसणार होत्या. लग्नाला महिना होता. सरांनी त्या दिवशीचा तास अर्ध्यावर सोडला.

तिकडे त्या मुलीच्याही डोक्यात तेच असावं, कारण तिने बापाला सांगून टाकलं होतं की माती उतरवल्याशिवाय बोहल्यावर उभी राहणार नाही. आबा आधी ओरडले, मग हरले. पण हंगामाच्या तोंडावर गावात मजूर मिळेना, हे मध्यस्थाकडून आमच्या कानावर आलं. आणि एका रविवारी सकाळी आम्ही तिघं आबांच्या दारात हजर. सरांच्या खांद्यावर कुदळ. आबा खाटेवरून उठले. सर म्हणाले, "पाव्हणा म्हणून आलो न्हाई, आबा. गडी म्हणून आलोय."

आबांनी तोंड फिरवलं, पण शिडी कुठे आहे ते हाताने दाखवलं.

तीन रविवार ते काम चाललं. सर वर खणायचे आणि घमेलं भरून शिडीच्या टोकाला ठेवायचे. शिडीवर मध्ये ती उभी असायची, तिच्याखाली माझा नवरा, अंगणात मी. महिन्याभरात लग्न असलेली नवरी पदर खोचून, केसांत माती घेऊन उभी आहे आणि तिने ज्याला पसंत केलं होतं तो तिच्या हातात घमेली देतोय. मी अंगणातून कान देऊन होते. तीन रविवारांत दोघांत झालेलं बोलणं असं:

"भरलं."

"हाव."

"जड हाय. जपून."

"हाव."

माझा नवरा माती झटकत मला हळूच म्हणाला, "घराची एवढी माती खाली आली, पण कामाचा एक शब्द आला न्हाई बघ." मी त्याला गप्प केलं. माझे डोळे भरून आले होते आणि त्याचं खापर मला मातीवर फोडायचं होतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी मधला खण मोकळा झाला. सरांनी तुळईवर कुदळ जराशी टेकवली आणि ती सरळ आत गेली, शिळ्या भाकरीत बोट जावं तशी. वरून सगळी तुळई वाळवीने खाल्लेली होती. खालून बघणाऱ्याला रंग दिलेलं लाकूड दिसत होतं, आणि त्याच्यावर गावच्या साठ-सत्तर बाया लेकरं घेऊन बसणार होत्या.

सरांनी आबांना वर बोलावलं. आबा शिडी चढून गेले, त्या भोकात हात घातला आणि तिथेच मातीत बसले. मग उठून त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले. "गुरुजी, माझं घर वाचवलं तुमी. माझी लेकरं वाचवली. मागा. आज काय बी मागा, न्हाई म्हणनार न्हाई."

ती शिडीवर होती. रिकामं घमेलं तिच्या हातात. मी खालून तिचा चेहरा बघत होते. माझ्या नवऱ्याने शिडी घट्ट धरली होती. आबांना काय म्हणायचंय हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. नांदेडचं स्थळ मोडायला तो माणूस त्या क्षणी तयार होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, मागा, सर, मागा.

सर म्हणाले, "पत्रे टाका."

"आं?"

"ह्या खणावर माती पुन्हा टाकू नका. पत्रे टाका, आबा. हलके असतात."

शिडीवर ती आधी हसली. मोठ्याने हसली. मग घमेलं तोंडापुढे धरलं आणि तशीच खाली उतरून घरात गेली.

परत येताना एसटीत मी सरांना जे बोलले ते मला आज लिहवत नाही. भित्रे म्हणाले, नेभळट म्हणाले. ते खिडकीतून बाहेर बघत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "एकच मागता येत होतं, मॅडम. पोरगी मागितली आसती तर लग्न मोडलं आसतं, घरात भांडण झालं आसतं, आन् त्या भांडणात छत ऱ्हाऊन गेलं आसतं. तिची आई, भाऊ तिथंच झोपतेत." थोड्या वेळाने आपणच म्हणाले, "आन् भित्रा म्हणलात ते बी खरं हाय."

लग्नाला आम्ही गेलो. मधल्या खणावर नवे पत्रे चमकत होते. बाया अंगणात सतरंजीवर बसल्या आणि काही दिसत नाही म्हणून कुरकुरत होत्या. मंगलाष्टकं चालू असताना सर आतल्या खणात खांबापाशी उभे होते, वर बघत. अक्षता त्यांच्या मुठीत तशाच राहिल्या.

पुढे वर्षं गेली. आमच्या इमारतीचे पाच मजले झाले, लिफ्ट आली, बाहेर पोरांच्या फोटोंचे मोठमोठे फलक लागले. मागची शेड आणि सर तसेच. मला शिकवायचा कंटाळा आला तशी मी प्रवेशाच्या टेबलावर बसू लागले.

गेल्या जूनमध्ये एका सोमवारी एक बाई मुलीला घेऊन आल्या. आत आल्या आणि माझ्याकडे बघायच्या आधी त्यांनी छताकडे बघितलं. सोबतची मुलगी वैतागून मला म्हणाली, "आईचं नेहमीचं आहे. कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघते." तेव्हा मी ओळखलं.

आम्ही एकमेकींचे हात धरले. संसार बरा चाललाय म्हणाली. नवरा चांगला आहे, शांत आहे. "आबा गेले. पण पत्रे हायत आजून. पत्र्याचा एक फायदा हाय, मॅडम. पाऊस लागला की आतलं बाहेर ऐकू जात न्हाई. लग्नानंतर पहिल्या आषाढात माहेरी आले होते, तेव्हा मनसोक्त रडून घेतलं." हे तिने मुलगी पाणी प्यायला गेली तेव्हा सांगितलं.

मी विचारलं, नांदेडला काय क्लासेस कमी आहेत, एवढ्या लांब कशाला आणलीस लेकीला? तिने उलट विचारलं, "फिजिक्स कुठं असतं?"

मी तिला मागे घेऊन गेले. सर दारात खडू झटकत उभे होते. केस सगळे पांढरे झालेले, पायातली चप्पल बाजूला नीट काढलेली. त्यांनी तिला बघितलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण समोर माणूस आल्यावर त्यांची नजर वर गेली नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. ते तिच्याकडेच बघत राहिले. वर बघितलं ते तिने. उंबऱ्यात उभी राहून तिने सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी शेड बघितली.

मग म्हणाली, "मधल्या खणातला तो हूक ढिला दिसून राहिलाय, सर."

त्या दिवशी सोमवार होता. सकाळीच मी त्यांना शिडीवर बघितलं होतं, हातात पाना घेऊन, एकेक हूक दोन-दोनदा कसताना. तिथे ढिलं काहीही नव्हतं.

सर म्हणाले, "हाव. ढिला हाय."